घंटा आधी की टप्पा

उर्दाझाल, ४ नोव्हेंबर १९२६

प्रिय बेन्यात,

तुझं पत्र मिळालं. अक्षर दिवसेंदिवस कोंबडीच्या पायांसारखं होत चाललंय. मेंढ्यांना वाचायला लिहितोस की बहिणीला?

माद्दी काकू गेली. आपला जन्म, आईचं जाणं, बाबांचं जाणं, सगळ्याची घंटा तिनेच वाजवली. शेवटी शेवटी तिला दोरी ओढवत नव्हती, दोरीच तिला वर ओढायची. तिच्या जागी कोण, यावर गावात बरेच दिवस तोंडं चालली. बिनलग्नाची, पहाटे उठणारी, जिच्यामागे नवरा नाही की सासू नाही, अशी एकच निघाली. फादर साल्लाबेरीने मला बोलावून किल्ल्या हातावर ठेवल्या. 'सांभाळ, कात्तालिन,' म्हणाला. जसं काही आपल्या घरात आणि त्याच्यात कधी काही घडलंच नाही.

तर आता तुझी बहीण सेरोरा झाली. चर्चची झाडलोट, मेणबत्त्या, त्याचे झगे धुणं आणि दिवसातून तीनदा घंटा, सगळं माझ्याकडे. आणखी एक काम आहे, ते ऐकून हसू नकोस. फादर अजून दर रविवारी भिंतीवर हाताने चेंडू मारायच्या खेळाला मैदानात उतरतो, झगा कमरेला खोचून. केस गेले, पण चेंडू अजून बंदुकीसारखा मारतो. फक्त हात सुजतात. तळव्यात खिळा ठोकल्यासारखं दुखतं म्हणे. माद्दी काकू त्याच्या हातांवर उभी राहायची, आता मी राहते. वस्त्रांच्या खोलीत तो माझ्यासमोर गुडघे टेकतो, दोन्ही हात फरशीवर उताणे ठेवतो, आणि मी वर चढते. सूज दबली की उतरते.

माझं वजन तुला माहीत आहे. बाबा म्हणायचे, पोरगी नव्हे, सफरचंदाच्या दारूचं पिंप आहे. पहिल्या रविवारी वरून त्याचं टक्कल बघत होते आणि तू आठवलास. काही केलं नाही मी. उतरायला जरा उशीर केला, इतकंच.

तुझी,
कात्तालिन


तांदिल, १२ जानेवारी १९२७

ताई,

पत्र वाचता वाचता चुलीवरचं पाणी उतू गेलं आणि मला पत्ता नाही. तो गुडघ्यावर आणि तू त्याच्या हातांवर. हे चित्र कुणी काढून दिलं तर मी भिंतीला लावीन.

तू म्हणशील, हा पुन्हा तेच उगाळणार. उगाळणारच. या गवताळ ओसाडीत मला दुसरं आहे काय? एकवीस-एकवीस गुण झाले होते, बावीसला खेळ संपणार. त्याने मारलेला चेंडू भिंतीला लागून आला, माझ्यासमोर एक टप्पा पडला, दुसऱ्याच्या आत मारायचा म्हणून माझा हात मागे गेला, आणि दुपारची घंटा झाली. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, घंटा झाली की खेळ थांबतो. टोपी काढायची, प्रार्थना म्हणायची आणि तो एका गुणाचा डाव पहिल्यापासून खेळायचा. मी हात खाली घेतला, टोपी काढली. चेंडू माझ्या पायाशी मरून पडला. प्रार्थना त्यानेच म्हटली, खणखणीत आवाजात. आणि आमेन झाल्यावर टोपी घालता घालता म्हणाला, 'दुसरा टप्पा घंटेच्या आधी पडला. बावीस.' पंचांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग झग्याकडे पाहिलं, आणि माना हलवल्या. मला कुणी विचारलं नाही.

मी त्याची गळपट्टी धरली, हे कबूल. पण खोटारडा कोण ठरला? मी. सगळ्या गावासमोर गुडघ्यावर बसून माफी माग, नाहीतर चर्चची पायरी चढायची नाही. बाबा म्हणाले, 'माग रे, माफीच तर आहे.' मी माफी न मागता समुद्रापारची बोट धरली. आणि बाबा, ज्यांची चर्चच्या सज्ज्यात पहिल्या रांगेत पिढ्यांची जागा, ते उठून मागे खांबाआड बसायला लागले, ते मरेपर्यंत. हे तूच मला कळवलंस. मी विसरेन असं वाटलं होतं का तुला?

इथे लोकर कातरायच्या शेडला चांगली उंच भिंत आहे. दर रविवारी खेळतो. आपल्याकडचे जे कोणी इथे आहेत, त्यांच्यात मला हरवणारा एक नाही. येत्या पंधरा ऑगस्टच्या जत्रेला मी येतो. आणि नाहीच जमलं तर दोरी तुझ्या हातात आहे. तो जिंकायला आला की वाजव. त्याला कळू दे कसं वाटतं ते.

पुढच्या रविवारी हातांवर उभी राहशील तेव्हा लाकडी बूट घाल.

बेन्यात


उर्दाझाल, ६ मार्च १९२७

प्रिय बेन्यात,

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. खोटी घंटा मी वाजवणार नाही. त्या घंटेवर शेतातला माणूस कुदळ टाकतो, बायका चुलीवरची मक्याची भाकर उतरवतात, अंथरुणातला म्हातारा हात जोडतो. ती तुझीही नाही आणि माझीही नाही. पुन्हा लिहू नकोस.

आता बातमी ऐक आणि बसून ऐक. साल्लाबेरीने जाहीर केलंय, यंदाच्या पंधरा ऑगस्टला तो शेवटचा खेळणार. लार्राबे गावचा आलांद म्हणून एक तरणाबांड पोरगा आहे, त्याच्याशी सामना. त्यात जिंकला की गाव खेळाच्या भिंतीत दगड बसवणार. गवंड्याने कोरायला घेतलाही. काल मी मुद्दाम त्याच्या अंगणातून गेले. 'फादर साल्लाबेरी. या भिंतीवर कधी हरले नाहीत.' पहिली ओळ, नावाची, पुरी झाली आहे. दुसरी सामना झाल्यावर.

कळलं ना काय ते? आत्तापर्यंत ती गोष्ट लोकांच्या तोंडात होती. तोंडं म्हातारी होतात, मरतात. पण हा दगड आपल्यामागे राहणार, आणि तू त्या भिंतीवर रीतसर हरलास असं पोरांची पोरं वाचणार.

म्हणून ये. आलांदच्या आईशी माझं बोलणं झालंय, तुझ्यासाठी तो बाजूला होईल. तू उभा राहिलास तर साल्लाबेरीला नाही म्हणता येणार नाही, गाव हसेल. खेळ आणि हरव त्याला. मला दुसरं काही नको.

लाकडी बुटांचं मी ऐकलं नाही असं समज.

कात्तालिन


तांदिल, २० एप्रिल १९२७

ताई,

यंदा येणं जमत नाही. मेंढ्यांचे खूर सडलेत, मालक आजारी आहे, बोटीत जागा मिळत नाही. तीनही कारणं खरी आहेत, हवं ते घे.

दगडाचं वाचून तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. आणि तू मला घंटा शिकवतेस? तुझ्या भावाचं नाव चिखलात घालून वर दगड ठेवतायत आणि तू म्हणतेस, मक्याची भाकर करपेल. झगे धुता धुता तुलाही तो साधू वाटायला लागलाय. इस्त्री कर त्याच्या झग्यांना. चांगली कडक कर.

एवढं एक काम करायचं होतं तुला. आयुष्यात एक.

बेन्यात


उर्दाझाल, २५ मे १९२७

बेन्यात,

इरीबार्नेंचा थोरला तांदिलहून परत आलाय. सोन्याचं घड्याळ, पिवळे बूट, आणि तोंडाला कुलूप नाही. चर्चबाहेर मला गाठून म्हणाला, 'बेन्यातचं फार वाईट झालं हो. उजवा हातच जावा म्हणजे.'

मी म्हटलं, 'हो ना.' गावासमोर आणखी काय म्हणणार? घरी येऊन तुझी पत्रं काढली. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तुझं अक्षर एका बाजूला कलतं, नंतर दुसऱ्या बाजूला. आणि मी मूर्ख, कोंबडीचे पाय म्हणून हसत होते.

शेडची भिंत, दर रविवार, हरवणारा एक नाही. कशाला रे?

खरं काय ते लिही. मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण लिही.

ताई


तांदिल, ३० जून १९२७

ताई,

लोकर दाबायच्या यंत्रात गेला. गठ्ठा नीट बसावा म्हणून हात घातला आणि पलीकडच्याने दांडा ओढला. त्याची चूक नव्हती, माझीही फारशी नव्हती. मनगटाच्या वर एक गोळा उरलाय, थंडीत ठणकतो. गेलेली बोटंही ठणकतात. डॉक्टर म्हणतो, असं होतं.

तुला का नाही सांगितलं? कारण तू रडली असतीस आणि रडता रडता मला माफ करायला लावलं असतंस. हात गेलेल्या माणसाला सगळे तेच सांगतात, सोडून दे आता. मला सोडायचं नव्हतं. तो सामना मी रोज रात्री पुन्हा खेळतो, आणि त्यात माझा हात जागेवर असतो. घंटा होते, आमेन होतं, आणि डाव पुन्हा सुरू होतो, जसा व्हायला हवा होता. त्या डावात मी कधी हरलेलो नाही.

आता मी त्याला कधीच हरवू शकणार नाही. हे लिहायला मला तीन वर्षं लागली.

मागच्या पत्रात वाईट बोललो. घंटेचं तुझं बरोबर आहे, वाजवू नकोस. दगड बसला की मला कळव, म्हणजे मी वाट बघायचं थांबवीन.

बेन्यात


उर्दाझाल, २८ ऑगस्ट १९२७

प्रिय बेन्यात,

हे पत्र एकट्याने वाच, आणि वाचून झालं की चुलीत घाल.

पंधरा ऑगस्टला सकाळची मोठी प्रार्थना आटोपून तो वस्त्रांच्या खोलीत आला. झगा खोचला, गुडघे टेकले, हात फरशीवर ठेवले. मी लाकडी बूट घातले होते. त्याने ते पाहिले. मी चढले. एरवी एक प्रार्थना मनात म्हणून होईपर्यंत उभी राहते. या वेळी ती संपली तरी उतरले नाही.

'पुरे झालं, कात्तालिन.'

'एक विचारायचंय, फादर. बेन्यातच्या वेळी टप्पे किती पडले होते?'

'उतर.'

'किती?'

'अगं, मला या हातांनी आज खेळायचंय.'

'बेन्यातलाही खेळायचं होतं. त्याचा उजवा हात गेला, मनगटापासून. तुम्हाला कुणी सांगितलं का?'

त्याने मान वर केली. घाम नाकावरून ओघळत होता, पण पुसायला हात मोकळे नव्हते. 

'एक,' तो म्हणाला. 'एकच टप्पा पडला होता.'

इतकी वर्षं मला वाटायचं, हा शब्द ऐकला की माझं पोट भरेल. नाही भरलं. मी म्हटलं, 'हे आत्ता मैदानात जाऊन सांगा. खेळाच्या आधी.'

'आजचा दिवस खेळू दे. शेवटचा आहे. मग सांगतो, शपथ घेऊन सांगतो.'

'म्हणजे दगड बसल्यावर.'

मी उतरले. बोटं उघडमीट करत तो बाहेर गेला, आणि बाहेर लोकांनी त्याच्या नावाचा गजर केला.

सामना मी मनोऱ्याच्या दारातून पाहिला, एक डोळा घड्याळावर आणि एक मैदानावर. खोटं कशाला सांगू, सुरेख खेळला. आलांद त्याच्या अर्ध्या वयाचा, पण म्हाताऱ्याने त्याला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात असा पळवला की लार्राबेच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी पोरगा चिवट. वीस-वीस, मग एकवीस-एकवीस. तू तिथे असतास तर तुझाही श्वास अडकला असता.

घड्याळाचे काटे जुळले. मी दोरी धरली. वाजवायला हवी होती त्या क्षणी. पण चेंडू हवेत होता, आणि मी याच गावात जन्मले आहे, चेंडू हवेत असला की मला दुसरं काही सुचत नाही. साल्लाबेरीने तो अलगद डाव्या कोपऱ्यात सोडला. भिंतीला लागला, एक टप्पा पडला. आलांद धावला आणि पोचला नाही. दुसरा टप्पा पडला. तो मी या डोळ्यांनी पाहिला, आणि मग माझे हात खाली आले. टप्पा आणि घंटा यांच्यात एक पापणी लवण्याइतकंच अंतर होतं, पण टप्पा आधी होता.

सगळ्यांनी टोप्या काढल्या. प्रार्थना त्यानेच म्हटली. आमेन झाल्यावर टोपी घालता घालता तो म्हणाला, 'दुसरा टप्पा घंटेच्या आधी पडला. बावीस.'

तेच शब्द, बेन्यात, त्याच जागेवर उभं राहून म्हटलेले. फरक एवढाच की या वेळी ते खरे होते.

लार्राबेवाल्यांनी आरडाओरडा केला. आपले लोक मात्र एकमेकांकडे बघतायत. सगळ्यांना तू आठवला होतास, हे मला त्यांच्या पाठींवरून कळत होतं. पंच म्हणून गानिशच होता, तुझ्या वेळचा, आता काठी घेऊन चालतो. तो उठला, मैदान ओलांडून माझ्या दारापर्यंत आला. लोक वाट देत गेले.

'मागे एकदा मी झग्याला विचारून निकाल दिला होता,' तो म्हणाला. 'या वेळी दोरीला विचारतो. कात्तालिन, आधी काय झालं? टप्पा की घंटा?'

तुला मी लिहिलं होतं ना, खोटी घंटा वाजवणार नाही म्हणून? नाही वाजवली. घंटा खरीच होती.

'घंटा,' मी म्हटलं. 'घंटा आधी झाली.'

साल्लाबेरीने माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं. दुसरा टप्पा त्याच्यासमोर पडला होता, सूर्याइतका स्वच्छ. त्याने भांडायला हवं होतं, आणि भांडला असता तर अर्धं गाव त्याच्या बाजूने उभं राहिलं असतं. तो फक्त म्हणाला, 'सेरोरा म्हणते तर घंटाच आधी.' आणि चेंडू उचलून आलांदकडे टाकला.

डाव पुन्हा झाला. दुसऱ्याच फटक्याला त्याचा चेंडू भिंतीच्या तळच्या, बाद धरायच्या पत्र्यावर आपटला. तो आवाज तुला आठवत असेल, रिकाम्या डब्यावर लाथ मारल्यासारखा. आलांदला त्याच्या लोकांनी खांद्यावर घेतलं. आपल्याकडचं कुणी जागचं हललं नाही.

माझं मन त्या दिवशी नाचत होतं. लपवत नाही. रात्री बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावली आणि मोठ्याने हसले.

शनिवारी मी पापकबुलीला गेले. गावात फादर एकच, म्हणजे जाळीपलीकडे तोच. मी म्हटलं, 'मी सगळ्या गावासमोर खोटं बोलले. दोन्ही टप्पे घंटेच्या आधी पडले होते.'

त्याने जाळीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, 'पश्चात्ताप होतोय?'

'नाही.'

'मग मला क्षमा देता येत नाही, कात्तालिन. तुला ठाऊक आहे ते. आलीस कशाला?'

'तुम्हाला पक्कं कळावं म्हणून. माझी नजर चुकली असेल, असं मनाशी म्हणायची सोय राहू नये म्हणून. आणि इथे ऐकलेलं तुम्हाला जन्मात कुणाला सांगता येत नाही म्हणून.'

मला वाटलं, आता ओरडेल. तो हळूच म्हणाला, 'बेन्यातलाही असंच वाटत असेल का? खरं माहीत आहे, आणि ऐकायला कोणी नाही?'

'हो,' मी म्हटलं. 'इतकी वर्षं.'

आता पुढचं ऐक, म्हणजे तुला माझा संताप कळेल. रविवारी तो व्यासपीठावर चढला आणि प्रवचनाऐवजी तुझं नाव घेतलं. एकच टप्पा पडला होता, मी खोटं बोललो, त्या पोराला देशोधडीला लावलं, त्याच्या बापाला खांबाआड बसवलं, सगळं सांगितलं. मग खाली उतरून दगडी फरशीवर गुडघे टेकले, जिथे तुला टेकायला सांगत होता, तिथेच. बायका हुंदके देत होत्या. सज्ज्यात गानिश लहान मुलासारखा रडला. तुझं नाव धुऊन निघालं, बेन्यात. आता तुला कुणी खोटारडा म्हणणार नाही, इरीबार्नेंचा थोरलाही नाही. हे तुझं आहे, घे, आणि शांत झोप.

पण गाव काय म्हणतंय माहीत आहे? 'केवढा मोठा माणूस.' बाहेर येऊन जो तो त्याचे हात हातात घेत होता, तेच सुजलेले हात. हरला तरी तोच मोठा झाला, आणि मी खांबाला टेकून दातओठ खात बसले होते. ख्रिस्तप्रसादाला सगळे गेले, मी नाही गेले, क्षमेशिवाय जाता येत नाही. प्रसाद वाटून झाला की तो माझ्याकडे बघतो, माझ्यासाठी क्षणभर थांबतो, आणि मग प्रसादाच्या पात्राला झाकण लावतो. लोकांना वाटतं, कात्तालिन भावाच्या दुःखाने खचली. वाटू दे. पश्चात्ताप झाला की जाईन. अजून तरी झालेला नाही.

तो आता खेळत नाही, त्यामुळे हातांवर उभं राहायचं काम संपलं.

दगडाचं राहिलंच. त्यावर पहिली ओळ आहे, दुसरी कोरलीच गेली नाही. गवंडी फोडून टाकणार होता. साल्लाबेरीने तो मागून घेतला आणि मनोऱ्याच्या दारात पायरी म्हणून स्वतःच्या हातांनी बसवला, अक्षरं वर ठेवून. मला म्हणाला, 'तुझ्या पायाखाली असू दे.' त्याला वाटलं असेल, एवढ्याने मी विरघळेन.

मी रोज तीनदा त्यावरून जाते, पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी. लाकडी बूट घालते. नाव अजून लख्ख वाचता येतं, पण मला कसलीही घाई नाही.

तुझी,
ताई